डोसच्या फाइलमधले बदल

सोमवार, ३ मार्च

पुन्हा तेच! लहान मुलांच्या औषधाचा डोस वजनावरून काढतो आमचा प्रोग्रॅम — आज परत निम्म्याहून कमी आकडा. तपासणीत सापडला म्हणून. हॉस्पिटलात पोचला असता तर? मॅनेजरबाई कडाडल्या, "कोणीतरी मुद्दाम करतंय! त्या फाइलमधला एकूण एक बदल मला हवाय. कोणी केला, कधी केला." काम माझ्या गळ्यात. माझा दादा समोरच्याच टेबलावर. एरवी बाईंची पाठ वळली की नक्कल करतो. आज स्क्रीनवरून मानही वर केली नाही.

मंगळवार, ४ मार्च

सर्व्हरवर बदलांचा सगळा इतिहास असतोच, पण हाताने चाळायचा म्हटलं तर जन्म जाईल. म्हणून स्क्रिप्ट लिहायला घेतली, तो इतिहास आपोआप चाळणारा छोटा प्रोग्रॅम. दुपारपर्यंत नुसत्या तारखा. नावंच नाहीत! चहा दोनदा गार झाला. मला विचाराल तर हे काम त्या नव्या चष्मिशचं. आल्यापासून दादाच्या प्रत्येक ओळीत खोड काढतो.

बुधवार, ५ मार्च

नावं आली. चष्मिश कुठेच नाही.

गुरुवार, ६ मार्च

काल पुढे लिहवेना. दादा. सगळीकडे दादाच!

एके दिवशी त्याने एक ओळ टाकलीय, सोबत टीप — "पौंडांचे किलो करायचे राहिले होते." थोड्या दिवसांनी तीच ओळ काढलीय — "हे आधीच वर केलंय." मग पुन्हा टाकलीय. टीप शब्दन् शब्द तीच — "राहिले होते." पुन्हा काढलीय. पुन्हा टाकलीय. लबाडी करणारा निदान शब्द तरी बदलेल ना?

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात गाठलं. "दादा, डोसच्या फाइलला हात लावलास का रे?"

"मी? कित्येक महिन्यांत उघडलीसुद्धा नाही गं."

डोळ्याला डोळा भिडवून! सख्खा भाऊ. बोट धरून या कामात आणलं त्याने मला. अंगाचा तिळपापड झाला. तडक वर आले.

शुक्रवार, ७ मार्च

राहवेना. वहिनीला फोन केला. आडून आडून विचारलं — दादा कुठे दुसरीकडे नोकरी बघतोय का, बाईंवर चिडलाय का. ती म्हणाली, "वन्सं... ऑफिसातही विसरायला लागले का?"

त्याच्या त्या सारख्याच टिपा पुन्हा उघडून वाचल्या.

बाईंनी दारातून विचारलं, "झालं का?" म्हटलं, स्क्रिप्ट अडतेय. धडधडीत खोटं.

सोमवार, १० मार्च

दादा सकाळी टेबलाशी आला. मी स्क्रीन झाकायला गेले. "राहू दे," म्हणाला. "वहिनीने सांगितलं तुझ्या फोनचं. आत्ता बाईंकडेच जाऊन आलो. सांगितलं सगळं. ती फाइल आता चष्मिश बघेल." खुर्ची ओढून बसला. "तुझी ती स्क्रिप्ट मला दे. फक्त माझ्या नावापुरती. रोज आल्या आल्या बघत जाईन — काल मी काय काय केलं ते."