स्वयंपाकघराच्या दाराची डावी पट्टी

॥ श्री ॥
धरणगाव, १२ जानेवारी २०२५

ती. रूपाताईस,
भूपेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून हसू नकोस. तुझा फोन सदानकदा आईच्या हातात, तोही स्पीकरवर. तिला न कळू देता तुला काही सांगायचं तर हाच मार्ग उरला.

आई धुळ्याला तुझ्याकडे आली ती माझ्यावर रागावून नाही, हे आता कळलं. स्वयंपाकघराच्या चौकटीची डावी पट्टी वाळवीने खाल्ली, म्हणून मी प्लायवूडची सपाट पट्टी ठोकली. दिसायला झकास! पण डिंपल म्हणाली, आईंना दिसतं कुठे? नजर गेल्यापासून त्या भिंत चाचपत चालतात. बोटांना खाचा लागल्या की स्वयंपाकघर, सपाट लागलं की न्हाणीघर. मी दोन्ही दारं सारखीच करून ठेवली. म्हणून त्या दिवशी आई भाजीची परात घेऊन न्हाणीघरात शिरली. आणि आम्ही हसलो गं.

आता वना मिस्त्रीकडून उजव्या पट्टीबरहुकूम सागाची करून घेतोय. त्याने उजवीवरचा वीतभर रंग खरवडून खाचा नेमक्या उतरवल्यात. नमुन्याचा तुकडा एसटीने पाठवतो. काहीतरी निमित्त काढून आईच्या हातात दे. दाजींना नमस्कार.

माझ्या चुकांसकट लोभ असू दे.

तुझा,
भूपेंद्र

धुळे, १९ जानेवारी २०२५

चि. भूपेंद्र यास,
अ. उ. आ.

तुकडा मिळाला. आई इथे पलंगावरून उठत नाही रे, पाणीसुद्धा मागून पिते. आपल्याला कधी पाण्याचा पेला उचलू न देणारी ती! म्हणते, मी माझ्याच घरात पाहुणी झाले, आता कुठेही राहिले तरी सारखंच. माझा जीव तुटतो.

काल शेंगा सोलत होती, तेव्हा तुकडा जवळ ठेवला. अंगठा फिरवून म्हणाली, आपल्या दारासारखी आहे, पण आपली इतकी टोचत नाही. खरंच की, आपले नाना होते तोवर दर दिवाळीला ऑइलपेंट चोपडायचे, खाचा केव्हाच अर्ध्या बुजल्या.

म्हणजे रंग खरवडला तिथेच घोळ झाला, शहाण्या! हातावर हात चढव रंगाचे, आणि उजव्या पट्टीशी डोळे मिटून ताडून बघ. डिंपललाच बघायला सांग, तुझ्यावर भरवसा नाही.

आशीर्वाद आहेतच, उत्तराला उशीर नको.

तुझी ताई

धरणगाव, ९ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दाजी आईला सोडून परत निघालेत, त्यांच्याच हाती हे घाईत देतोय.

मी रंग द्यायचा आणि डिंपलने डोळे मिटून नापास करायचा, असं चाललं होतं. घरात लग्न काढलं का, असं शेजारच्या बेबाबाईंनी विचारलं. परवा एकदाचा पास झालो.

आज आई मधल्या खोलीतून भिंत चाचपत निघाली. मी तिला धरायला हात पुढे करून उभा. तिची बोटं पट्टीपाशी थांबली, वर गेली, खाली आली. मग म्हणाली, रंगाले तुना हात बी बापसारखाच जड शे. आणि सरळ आत गेली!

इतकं हायसं वाटलं ताई, की रडूच आलं. मी तसाच हात पुढे करून उभा होतो. थोड्या वेळाने आई बाहेर आली, चाचपत माझा हात शोधला आणि त्यात पाण्याचा पेला दिला.

आता तू ये, आणि लोभ सोबत आण.

तुझा,
भूपेंद्र