बियाण्याच्या शेंगा

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हे कोणत्या पत्त्यावर धाडायचं हा प्रश्नच येत नाही. तरी लिहायला बसले, कारण टेबलावर दुसरा एक कागद पडला आहे आणि तो माझ्याच्यानं पुरा होत नाही. आपल्या शाळेची स्मरणिका निघते आहे. तुमच्या उपासाची गोष्ट मीच लिहावी असा सगळ्यांचा आग्रह. तो बरोबरही आहे, कारण गेली तीस वर्षं ती गोष्ट मीच सांगत आले आहे. वसतिगृहातल्या एका मुलीनं कोठीत बियाण्यासाठी राखलेल्या भुईमुगाच्या शेंगा चोरून खाल्ल्या. बाईंनी कुणावर हात उगारला नाही, स्वतःच अन्न सोडलं. चौथ्या दिवशी मुलीनं कबुली दिली आणि बाईंनी त्याच कोठीची किल्ली तिच्या हवाली केली. एवढं सांगून मी घोटभर पाणी पिते आणि खाली बसते. शिक्षिका डोळ्यांना पदर लावतात. ही गोष्ट कधी वाया गेली नाही.

तेव्हा आपला वर्धा जिल्हा अजून मध्यप्रदेशात होता. पहिल्या निवडणुका नुकत्याच होऊन गेल्या होत्या आणि तुम्ही आम्हा चाळीस मुलींचंही मंत्रिमंडळ केलं होतं. सफाईमंत्री, पाणीमंत्री, बागमंत्री. मी तेरा वर्षांची, नाचणगावच्या वांगी-मिरच्या पिकवणाऱ्या घरातली, आहारमंत्री. माझ्या हाती वरणाची पळी. दोन भाकरी, एक पळी वरण, अंबाडीची नाहीतर चवळीची भाजी. दुसरी पळी नाही. कुणी ताट तसंच धरून राहिली की मी म्हणायची, "सरक पुढं. तुह्या एकटीसाठी नाई शिजवलं." मुली मागून "मंत्रीणबाई" म्हणत जीभ दाखवायच्या. एकदा तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातून हे ऐकलंत. "पळी हातात आली म्हणून अन्न तुझं होत नाही," एवढंच म्हणालात, तेही हळू. तुम्ही पुण्याकडच्या, तुमचं हळू बोलणंही आम्हाला छापील वाटायचं. मला ते लागलं, पण पळी मी सैल केली नाही. एक गोष्ट मात्र तेव्हा तुमच्याही ध्यानात आली नाही आणि माझ्याही. मला भूक ठाऊकच नव्हती. पंगत उठल्यावर पातेलं खरवडायचा मान आहारमंत्र्याचा असे. बाकीच्या जणी दुपारी चारच्या सुमारास पाणी पिऊन पोट भरत.

फाल्गुनात बियाणं उन्हात घालायचं असायचं. ते अंगण मला अजून दिसतं. कोठीतलं मोठं मडकं आम्ही तिघीजणी धरून बाहेर आणतो. तोंडावरचं शेणमातीचं लिंपण वाळलेलं आहे, त्यावर अंगठ्याचे ठसे उमटलेले आहेत. तुम्ही खुरप्याच्या टोकानं ते फोडता. वर टपोऱ्या शेंगा. तुम्ही ओंजळ भरून सुपात टाकता, दुसरी भरता, तिसरी भरता आणि थांबता. ओंजळ हलकी आहे. तुम्ही एक शेंग बोटांनी दाबता, ती उघडते आणि आत काही नाही. कुणीतरी दाणे खाऊन टरफलं पुन्हा जोडून, नीट मिटवून मडक्यात परत भरली होती. वर भरल्या शेंगा पसरून तोंड पुन्हा लिंपून टाकलं होतं. तुम्ही रागावला नाहीत. ओंजळ तशीच धरून म्हणालात, "जिनं हे केलं तिनं मला येऊन सांगावं. मी तिला काही बोलणार नाही. पण तोवर मी जेवणार नाही. माझ्याच शिकवण्यात काही कमी राहिलं असणार."

तुम्ही पंगतीत येऊन बसायच्या, ताट पालथं घालून. वर्ग चुकवला नाहीत, फक्त दुसऱ्या दिवसापासून फळ्याशी उभं राहणं सोडलंत. आमच्यातली कुणी दुसरी भाकरी घेईना. माझ्या पातेल्यात पहिल्यांदाच वरण उरायला लागलं आणि मला ते खरवडवेना. चौथ्या दिवशी सकाळी विहिरीपाशी तुमचा तोल गेला. तुम्ही काठाला धरून उभ्या राहिलात आणि आम्ही घाबरू नये म्हणून आमच्याकडे बघून हसलात. ते हसू बघून धाकट्या मुलींनी रडायला सुरुवात केली. त्या दुपारी मी एका मुलीचं मनगट धरून तिला गोठ्यामागे नेलं.

ती डोंगराकडच्या गोंडांच्या वस्तीवरून आलेली. घरी गोंडी बोलायची, त्यामुळे आमच्यात कमीच बोलायची. तिच्यासारखं लिंपण कुणाला जमत नसे. कोठीतली सगळी मडकी तीच लिंपायची. तेवढा पुरावा मी पुरेसा ठरवला.

"मडके तूच लिंपते ना?"

"हो. पण मीनं शेंगा नाई खाल्ल्या. ते लिंपण माहं नोहे. मी काय असे अंगठे ठेवतो का?"

"मंग कोणं केलं?"

"मले काय मालूम."

"कोणी कबूल नाई झालं त बाई मरतीन. समजते का तुले?"

ती बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग म्हणाली, "मीनं सांगतलं त बाई जेवतीन?"

"जेवतीन."

"आजच?"

"आजच."

"मंग चाल," ती म्हणाली, जशी काही विहिरीवर पाण्यालाच निघाली होती.

तुम्ही तिला पोटाशी धरलंत. तिच्याच हातून लिंबाचं पाणी घेतलंत. सगळ्या रडत होत्या, ती रडत नव्हती. तुमच्या हातातला पेला रिकामा होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर तुम्ही कोठीची किल्ली सुताच्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात घातलीत आणि म्हणालात की विश्वास टाकला म्हणजे माणूस त्याच्याएवढा होतो. दोन वर्षं ती किल्ली तिच्या गळ्यात होती आणि दोन वर्षं तिचं नाव शेंगा होतं. "ए शेंगा, पाणी आण." "शेंगाबाई, किल्ली हाय का तेही खाल्ली?" तुमच्यासमोर कुणी म्हणत नसे. सातवीनंतर ती घरी गेली, ती आलीच नाही. पुढे मी नागपूरला कॉलेजात निघाले तेव्हा तुम्ही स्वतः कातलेल्या सुताची साडी माझ्या हातात ठेवलीत. म्हणालात, "त्या दिवशी तू तिला माझ्यापर्यंत आणलंस. तुझ्यात शिक्षिका आहे." नोकरीच्या पहिल्या दिवशी मी तीच साडी नेसले होते.

मी तुमच्यासारखी झाले नाही. बावीस वर्षं मुख्याध्यापिका होते आणि वर्ध्यात सगळे मला कडक म्हणत. उशिरा आलीस, मैदान झाड. कॉपी केलीस, हा पेपर गेला, पुढच्याला नीट बस. आणि संध्याकाळी शिक्षा संपली की तो विषय पुन्हा कुणी काढलेला मला खपत नसे. शिक्षकांनाही मी सुनावत असे. मला वाटायचं हा माझा स्वभाव. आता वाटतं, शिक्षेला शेवट पाहिजे हे मला त्या किल्लीनं शिकवलं. तुम्ही छडी मारली असतीत तर वळ दोन दिवसांत उतरले असते. तुमच्या क्षमेला मात्र शेवट नव्हता, ती तिला रोज गळ्यात घालून हिंडावी लागत होती. आणि उपास धरताना एक गोष्ट तुम्ही विचारलीच नाहीत, बाई. पोरी पेरणीचं बियाणं का खातात? भुकेपायी झालेल्या चुकीवर तुम्ही आणखी भुकेचाच उपाय केलात. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तुम्ही स्वतः एका भाकरीवर दिवस काढत होतात, आमच्या दोन तुम्हाला पुष्कळ वाटल्या असतील. तुम्ही तेव्हा जेमतेम तिशीच्या होतात, हे मला स्वतःला साठी लागल्यावर लक्षात आलं. चाळीस पोरी, एक गोठा, एक विहीर आणि विचारायला जवळ कुणी नाही. तुमच्या जागी मला एवढंही सुचलं नसतं.

गेल्या महिन्यात ती किल्लीवाली मुलगी, आता म्हातारी, माझ्याकडे आली. सेवाग्रामला डोळे दाखवायला आली होती, तिथून पत्ता विचारत ऑटोनं घरी. "मंत्रीणबाई, हाव का घरात?" दारातून हाक आली. पन्नासएक वर्षांत मला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. मी खुर्ची दिली, ती भिंतीला टेकून खाली बसली. चहा बशीत ओतून प्याली, बशी पुसून बाजूला ठेवली आणि मुद्द्यावर आली.

"माही नात तुमच्या शाळेत हाय, आठवीत. तू मांगं तिथं भाषण देल्लं म्हणे."

"दिलं."

"आमच्या गावच्या दोन पोरी हायेत वर्गात. त्याईनं वळखलं हे कोणाचं हाय ते. आता नातीले शेंगा म्हणून राह्यल्या."

मी तिची बशी उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली.

"दोन दिवस जेवली नाई पोरगी. मले म्हणे, आजी, तू चोर होती का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"मी नाई म्हणीन त तिले वाटते आजी लपवून राह्यली. तू सांग. तुहं आयकतीन ते. मले शेंगा म्हना नाईतर भेंडी म्हना, माहं आता काई अडून नाई राह्यलं. पण पोरीपुरतं सांग."

मी तिला विचारलं, इतकी वर्षं राहू दे, निदान बाईंना तरी खरं का नाही सांगितलंस?

"इचारलं होतं ना त्याईनं! किल्ली देल्ल्यावर, कोठीत, आमी दोघीच होतो. म्हणे, खरंच तूच खाल्ल्यास का गं? मीनं म्हटलं, हो बाई, मीच. नाई म्हटलं असतं त पुन्हा बसल्या असत्या उपाशी, माय!" आणि ती पदर तोंडाला लावून हसली. मलाही हसू आलं, मग आवरलं.

म्हणजे तुम्हाला शंका आली होती. तुम्ही विचारायला गेलात, आणि खरं बोलायची वाट तुमच्या त्या चार दिवसांनीच बंद करून ठेवली होती. हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही त्याचाही उपास केला असतात, म्हणून कळलं नाही तेच बरं झालं.

आता, जे मी तिलाही सांगितलं नाही ते. त्या फाल्गुनाच्या आधी दोन आठवडे मोठ्या वर्गातल्या एका मुलीनं चुलीपाशी माझ्या हातात मूठभर शेंगा ठेवल्या. "घ्या, मंत्रीणबाई. माह्या ताटात पळी जराशी बुडवून टाकजा." मी त्या तिथेच उभ्यानं खाल्ल्या. आठ-नऊ असतील. कुठून आणल्या हे विचारलं नाही. घरून आल्या असतील असं मनाला सांगितलं, पण तिच्या घरचं कुणी संक्रांतीपासून फिरकलं नव्हतं. त्यानंतर रोज तिच्या ताटासाठी माझी पळी तळाच्या दाट वरणापर्यंत जाऊन यायची. तुम्ही अंगणात ती रिकामी शेंग दाबलीत तेव्हाच मला सगळं कळलं. चारही दिवस कळत होतं. लिंपणावरचे ते अंगठे गोंडांच्या वस्तीवरच्या मुलीचे नाहीत हेही दिसत होतं. पण मोठ्या वर्गातल्या मुलीचं नाव घेतलं असतं तर तिनं माझं घेतलं असतं. म्हणून मी अशी मुलगी शोधली जिला माझ्याविषयी काहीच ठाऊक नव्हतं. तुमचा जीव वाचवायला मी तिला गोठ्यामागे नेलं, हे खोटं नाही. पण अर्धंच आहे.

चुकलेल्याला पुन्हा संधी द्यावी की नाही यावर मी शेकडो वेळा बोलले असेन. तुम्ही ती दिलीत, अगदी मनापासून दिलीत, पण जिनं पहिली संधी कधी गमावलीच नव्हती तिला. मला कुणी दिली नाही, कारण मी कधी मागायलाच गेले नाही. मागायची तर आधी काय केलं ते सांगावं लागतं.

रविवारी ती नातीला घेऊन येणार आहे. "लिवलं का वाचून दाखवजो, पोरीच्या पुढं," असं बजावून गेली आहे. आज शुक्रवार. लेख तसा झाला आहे, तीन पानं. तिनं एकही शेंग खाल्ली नव्हती हे पहिल्याच पानावर स्वच्छ लिहिलं आहे. मोठ्या वर्गातली मुलगी आहे, चुलीपाशी दिलेली मूठ आहे, गोठ्यामागचं बोलणं शब्द न् शब्द आहे. फक्त एक तुमच्यापाशी कबूल करते, बाई. हे सगळं जिनं केलं तिला मी लेखात "त्या वेळची आहारमंत्री" म्हटलं आहे. पाच वेळा वाचून पाहिलं. वाक्यात चूक काही नाही. पण "मी" हा शब्द अजून फक्त या पत्रात आहे, आणि हे कुठे जाणार नाही.