टोपीच्या घडीतली चिठ्ठी

दि. ४ मार्च

चि. चिमणीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं. फोनवर तू उभ्या उभ्या बोलतेस, पत्रात बसून बोलतेस, म्हणून मला आपलं पत्रच बरं. इंटरनेटवरचं तुझं बाळटोप्यांचं दुकान महिनाभर नुसतंच उघडं आहे, कपाटात माझ्या नव्वद टोप्या पडून आहेत, हे वाचून जीव थोडा थोडा झाला. वर्षाच्या आत दुकान चाललं नाही तर पुन्हा गोदामात खोकी उचलायला जावं लागेल म्हणतेस. त्या पाठीने? देव तशी वेळ आणायचा नाही. पण देवाने काही टोप्या विणायच्या नसतात, म्हणून मी विणतेय.

दर बुधवारी पडद्यावरून शिकवणारे तुझे ते सल्लागार काय म्हणाले, ते मी यांना वाचून दाखवलं. गिऱ्हाईक टोपी घेत नाही, टोपीमागची गोष्ट घेतं. लोकर मऊ आहे हे सगळेच सांगतात, तुम्ही विणणारीचा चेहरा दाखवा. यावर हे म्हणाले की थंडी वाजली तर बाळाच्या कानावर गोष्ट ओढणार का? यांचं मनावर घेऊ नकोस. तू मागितलास म्हणून माझा कपाटातला एकुलता एक धड फोटो पाठवते आहे. त्यात मी हसत नाहीये, पण सल्लागारांना चेहरा हवाय, दात नव्हेत.

सोबत सहा टोप्या आहेत. प्रत्येकीत नेहमीसारखी चिठ्ठी आहे. वर क्रमांक, विणून झाल्याची तारीख, मग बाळाला आशीर्वाद, धुण्याची रीत, आणि उसवली तर सांधून देईन म्हणून माझा पत्ता. कागद जुन्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूचा आहे, पण अक्षर नवं आहे.

पाठीला शेक घेत जा. माया आटू देऊ नकोस.
तुझी ताई


दि. २७ मार्च

ती. ताईस,
धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार.

एक सांगते, आधी खाली बस. आठ दिवसांत कपाट रिकामं झालं. सगळ्या टोप्या गेल्या, तू मागच्या पत्रासोबत पाठवलेल्या सहासुद्धा. सल्लागारांनी दुकानाचं पान बदलून दिलं आणि लोक नुसते तुटून पडले. मी दिवसभर पुड्या बांधते आणि चिकटपट्टी दाताने तोडते, कारण कात्री शोधायलाही वेळ नाही.

जमतील तेवढ्या टोप्या पाठव. एक मात्र कर, आता चिठ्ठ्या घालू नकोस. पुडी बांधताना त्या गळून पडतात, नुसता पसारा होतो. आणि सगळ्या पुड्या एकसारख्या दिसाव्यात असं सल्लागारांचं म्हणणं आहे. ते पान बघायच्या खटपटीत पडू नकोस, तुझ्या फोनवर ते उघडणार नाही. शेजारणीकडे जाऊन उघडायला लावू नकोस, उगाच कशाला.

तब्येतीला जप. खरंच जप, ताई.
आहे तसाच जीव लावत राहा.
तुझी चिमणी


दि. १० एप्रिल

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

कपाट रिकामं! मी पत्र दोनदा वाचलं, यांनी चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. देवापुढे हात जोडले तर काय मागायचं तेच आठवेना.

बारा टोप्या पाठवल्या आहेत. चिठ्ठी गळते म्हणालीस, त्यावर मी तोड काढली आहे. आता ती कडेच्या पट्टीच्या आतल्या घडीत एका टाक्याने टाचली आहे. टोपी उलटी करून झटकलीस तरी पडायची नाही. बाहेरून दिसतही नाही, त्यामुळे पुड्या एकसारख्या दिसतील आणि सल्लागारही खूश. चिठ्ठीशिवाय टोपी पाठवणं म्हणजे मुलाला पत्ता न शिकवता बाहेर सोडणं, ते माझ्याच्याने होणार नाही.

तुझ्या हातांना विसावा दे, आणि मला विसरू नकोस.
तुझी ताई


दि. २२ एप्रिल

टोपी विणणाऱ्या ताईंच्या घरच्यांस,
सविनय नमस्कार.

आपली ओळख नाही. मी बाळंतिणींच्या वॉर्डात चौतीस वर्षं परिचारिका होते, आता घरी असते. डिसेंबरात माझी थोरली बहीण गेली. त्यानंतर एकदा फोनवर तुमच्या दुकानाचं पान समोर आलं. काळ्या चौकटीतला तो न हसणारा चेहरा, ‘जानेवारीत ताई गेली’ अशी सुरुवात, आणि खाली धाकट्या बहिणीने लिहिलेलं ते सगळं. आमच्या घरात बाळ नाही, तरी मी टोपी मागवली आणि उशाशी ठेवली. आठ दिवस रोज रडले. माझ्या बहिणीसाठी रडू येत नव्हतं, ते तुमच्या ताईंच्या निमित्ताने आलं.

परवा टोपी कुरवाळताना घडीत काहीतरी कडक लागलं. टाका उसवला तर चिठ्ठी. क्रमांक तीनशे एकतीस, तुमचा हा पत्ता, आणि तारीख याच वर्षीची, ९ एप्रिल. माझ्या हातात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या कागदावर मी तारीख लिहिली आहे, तारीख वाचण्यात माझी चूक होत नाही. मग पान पुन्हा उघडलं. एका सोमवारी ‘ताईंच्या हातच्या शेवटच्या सात टोप्या’ होत्या, पुढच्या सोमवारी शेवटच्या अकरा.

बाई जिवंत असतील तर मी कुणासाठी रडले? आणि गेल्या असतील तर चिठ्ठी कोण लिहितंय? पानाचा छापील कागद सोबत जोडला आहे. घरातल्या कुणीही उत्तर द्या, पण खरं द्या.

आपली,
एक गिऱ्हाईक


दि. २६ एप्रिल

चि. चिमणीस,
आशीर्वाद. मेलेल्या माणसाचा चालत असेल तर घे.

सोबत एका परिचारिकाबाईंच्या पत्राची नक्कल आहे, ती आधी वाच. पत्रावर ‘घरच्यांस’ असं होतं, म्हणून मी ते न फोडता यांच्या हातात दिलं आणि कणीक मळत बसले. हे मोठ्याने वाचत होते ते मधेच थांबले. मी म्हटलं, कोण गेलं? यांनी कागद माझ्यापुढे धरला. माझाच फोटो, काळ्या चौकटीत. मी आधी गॅस बंद केला. का केला ते विचारू नकोस, तेवढंच सुचलं. यांनी थट्टेने माझी नाडी पाहिली, पण मनगट काही लवकर सोडलं नाही. सगळा दिवस मी घरात प्रत्येक वस्तूला हात लावत फिरले.

सल्लागारांनी लिहिलं असेल असं मनाशी म्हणत होते. पण खाली सायीच्या वाटीचं आहे. लहानपणी मी साय तुझ्या वाटीत घालायचे आणि मला आवडत नाही म्हणायचे, हे जगात दोघींपलीकडे कुणाला ठाऊक नाही. म्हणजे लिहिणारी तू आहेस. म्हणजे मला मारलंस तेही तूच. चिठ्ठ्या गळत नव्हत्या, तू त्या काढत होतीस.

मला वाईट मरणाचं वाटत नाही, ते यायचं तेव्हा येईल. ज्या बायकांनी त्या टोप्या छातीशी धरल्या, त्यांच्याकडे मी कुठल्या तोंडाने बघू? आजच्या आज ते पान काढ. टोपी घेतलेल्या प्रत्येकीला स्वतः कळव की विणणारी जिवंत आहे आणि लिहिलं ते खोटं होतं. परिचारिकाबाईंना मी लिहिलंच आहे. हे सगळं होईपर्यंत सुया खाली ठेवल्या आहेत.

ताई


दि. ५ मे

ती. ताईस,
नमस्कार. पाया पडायचीसुद्धा लाज वाटते.

झालं ते असं. पानावर तुझा फोटो लावला तरी विक्री होईना. सल्लागार म्हणाले, चेहरा आहे, पण कळ नाही. मग विचारलं, या बाई हयात आहेत का? मी म्हटलं, हो तर. ते म्हणाले, मग अवघड आहे.

ताई, मी तेव्हाच पडदा बंद करायला हवा होता. त्यांनी सांगितलं की नुसता सराव म्हणून, त्या नाहीत असं समजून लिहा, कुणी वाचणार नाही. मी ओट्याजवळच्या स्टुलावर बसले आणि सुरू झाले. थांबताच येईना. साय लिहिली, माझ्या शाळेच्या गणवेशासाठी तू तुझं लुगडं फाडलंस ते लिहिलं, माझं लग्न मोडल्यावर तू काहीएक न विचारता अंथरूण घातलंस ते लिहिलं. पाठवलं. तासाभरात त्यांनी काळ्या चौकटीसकट पानावर लावून टाकलं. काढा म्हणून सांगायला फोन उचलते तोवर अकरा टोप्या गेल्या होत्या. म्हटलं संध्याकाळी काढू. मग म्हटलं सोमवारी. डोळ्यांपुढे गोदामातली खोकी होती. पण फोटोच्या चौकटीकडे मी महिनाभर पाहिलं नाही. काढलेली एकही चिठ्ठी फेकली नाही, सगळ्या एका डब्यात आहेत. घडीत टाचलेल्या बारांपैकी एक मात्र घाईत उसवायची राहिली, तीच परिचारिकाबाईंकडे गेली.

तुझं पत्र आलं त्याच तासाला पान उतरवलं. सल्लागार म्हणाले, दुकानदाराने उघड माफी मागायची नसते, हळूच मजकूर बदलायचा असतो. त्यांचा वर्ग सोडला. एकशे आठ जणींना एकेकीच्या नावाने लिहिलं, ‘माझी ताई जिवंत आहे. मी खोटं लिहून तुम्हाला टोपी विकली. परत पाठवाल तर पैसे देईन.’ एकोणचाळीस टोप्या परत आल्या. एकीने लिहिलं, अशी बहीण वैऱ्यालाही नको. ते मी काढून टाकलं नाही, पानावर तसंच ठेवलं आहे. त्यानंतर एकही टोपी गेलेली नाही. गोदामात विचारून आले. एक तारखेपासून या म्हणाले.

तू बोलली नाहीस तरी चालेल, पण पत्र पाठव.
तुझी चिमणी


दि. १९ मे

टोपीवाल्या ताईंस,
नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं, तुमच्या बहिणीचंही. टोपी परत पाठवत आहे. पंधरा दिवसांत परत करता येईल असं तुमच्या पानावर होतं. मी रडले ते आठ दिवस कुठे परत करायचे, ते लिहिलेलं नव्हतं.

तिला मी माफ केलेलं नाही. तरी एक सांगते. तिने लिहिलं त्यातली तारीख खोटी होती, बाकीचं कुणाला खोटं लिहिता येत नाही. माझी बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. तीस वर्षं आम्ही एकमेकींना भाव आणि औषधं सांगितली, असलं काही मी एकदाही बोलले नाही. तुम्ही आहात तोवर तिला ते तुमच्यासमोर बोलायला लावा. मला ती सोय राहिली नाही.

चिठ्ठी ठेवून घेतली आहे. ती परत मिळणार नाही.

आपली परिचारिका


दि. २५ मे

चि. चिमणीस,
ताईचे आशीर्वाद, जिवंतपणीचे.

परिचारिकाबाईंच्या पत्राची नक्कल सोबत आहे. ते वाचून मी तुझा तो छापील कागद पुन्हा काढला. पहिल्या वेळी मला त्यात फक्त माझं मरण दिसलं होतं. या वेळी पुढचं वाचलं, आणि धक्का बसला तो दुसराच. साय मला आवडते, हे तुला ठाऊक होतं, हेच मला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं मी समजत होते की मी तुला बेमालूम फसवलं. तेव्हा खोटं मीही बोललेच, चिमणे. पण ते मी विकलं नाही. एवढाच काय तो फरक, आणि तो लहान नाही.

एक तारखेला गोदामात जा. लाजायचं कारण नाही, मात्र अर्ध्या दिवसाचं काम माग आणि जड खोक्याला हात लावू नकोस. दुकान बंद करायचं नाही. परत आलेल्या टोप्या इकडे पाठव, धुऊन नीट करते. आणि आता माझा फुकटचा सल्ला. पानावर माझा तोच फोटो लाव, चौकट नको. खाली लिही की ही माझी ताई, ही टोप्या विणते, मी विकते, मी एकदा खोटं बोलले होते. याने किती टोप्या खपतील माहीत नाही. दोन गेल्या तर दोन.

मी सुया उचलल्या आहेत. पहिली टोपी परिचारिकाबाईंना, मोठ्या डोक्याची. बाळाची टोपी उशाशी ठेवून माणसाचे कान उबत नाहीत. ही विकायची नाही.

रविवारी ये. यायच्या आधी काय बोलायचं ते लिहून आणू नकोस, सराव तर मुळीच नको. मी दूध तापवून ठेवते. साय निघेल तिची या वेळी मात्र अर्धी वाटणी, आणि माझी अर्धी मी तुझ्यासमोर बसून खाणार आहे.

आलीस की रागावायचं ते रागावेन, तोवर लोभ धरून ठेव.
तुझी ताई

ता. क. चिठ्ठीत एक ओळ वाढवली आहे. यापुढे प्रत्येक टोपीत असेल, आणि टाका दुहेरी घातला आहे. नमुना पाहून घे:

क्रमांक ३३७. आज २५ मे रोजी विणून झाली. बाळाला आशीर्वाद. कोमट पाण्यात धुवावी, पिळू नये. उसवल्यास खालील पत्त्यावर पाठवावी. विणणारी हयात आहे. शंका वाटल्यास येऊन पाहावे, दूध ठेवीन.