बाबांच्या अंगावर नीट बसणारे शर्ट

प्रिय बारक्या,

ज्यांच्या घरातला एक माणूस ‘मला काही झालेलं नाही’ या एका वाक्यावर सगळ्यांची तोंडं बंद करतो, अशा समस्त पीडितांना, म्हणजे तुला आणि मला, उद्देशून हे लिहिते आहे. तुझ्या बाबांना डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं की आपण दोघंही हरतो. तू फोनवर हरतोस, मी समोरासमोर. तू निदान फोन ठेवून मोकळा होतोस.

आज पुन्हा हरले. सकाळी ते कचेरीला निघाले होते, अंगात तू नुकताच पाठवलेला फिकट निळा शर्ट. जिन्याच्या वळणावर थांबले आणि बुटाची नाडी बांधायला वाकले. हल्ली ती नाडी रोज त्याच वळणावर सुटते. मी वरून म्हटलं, अहो, दम लागतोय, आज रजा टाका, डॉक्टरांकडे जाऊन येऊ. तर दोन्ही हात पसरून म्हणतात कसे, “हा शर्ट बघ. आजारी माणसाला शर्ट असा बसतो का?” आणि गेले. कारखान्याच्या फाटकावर हजार बायांपुढे बोलताना मला कधी शब्द शोधावा लागला नाही. मालकाचा वकील माझ्यापुढे पाणी मागायचा. आणि आज मी कठड्यावरून नुसता हात हलवला, कारण शर्ट खरंच सुरेख बसला होता.

तू कपड्यांच्या दुकानात लागल्यावर पहिल्या सुट्टीत बाबांना खिडकीपाशी उभं करून शिकवणी घेतली होतीस. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर यायला हवी, दंडावर घसरली की शर्ट उसना दिसतो. गळ्याचं बटण लावून आत दोन बोटं जायला हवीत, मूठ नव्हे. बाही मनगटाच्या हाडापर्यंत. आणि कचेरीतला माणूस दिवसभर बसलेला असतो, तेव्हा शर्ट बसूनही बघायचा, पोटावर बटणं ताणता कामा नयेत. मी म्हटलं, एवढं पारखून तर मी नवराही केला नव्हता. ते म्हणाले, “म्हणून तर नीट बसला.” किती हसलो होतो आपण.

तेव्हापासून तुझी पार्सलं येतात. तू घरी आलास की दारातूनच तुझी नजर त्यांच्या खांद्यांवरून फिरते आणि टेप न लावता माप होतं. मानेला टोचतं म्हणून लेबल तूच उसवून पाठवतोस. नवा आला की जुना कचेरीच्या पहारेकऱ्याला जातो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, साहेब, शर्ट कोण निवडतं तुमचे? तर घरी येऊन चहा होईपर्यंत तेच सांगत होते. “पोरगा निवडतो म्हटलं. पोराची नजर आहे.” त्यांचा सगळा दिवस त्या एका प्रश्नावर उजळला होता. माणसाला असं उजळलेलं बघितलं की त्याला आजारी म्हणायला जीभ रेटत नाही रे.

आता मागच्या आठवड्यात काय दिसलं ते सांगते. बाबांचा एक पांढरा शर्ट मी फलक रंगवताना अंगात घालते, तुझ्या पहिल्या पार्सलमधला. मोर्चा झाला, तो धुतला आणि दोरीवर त्यांच्या नव्या निळ्या शर्टाशेजारी वाळत घातला. मागे सरले आणि हातातली बादली तशीच राहिली. दोन वेगळ्या माणसांचे शर्ट होते ते. निळा त्या पांढऱ्याच्या आत सहज मावला असता. मी आत जाऊन त्यांच्याकडे बघितलं. पेपर वाचत होते. रोज बघणाऱ्याला दिसत नाही, तसं मला दिसलं नव्हतं. मग एकेक आठवू लागलं. ताटात अर्धी पोळी उरते. घड्याळ कोपराकडे सरकतं. पट्ट्याला नवं भोक पाडलं, तर म्हणे चामडं जुनं झालं की ताणतं. मी विषय काढला, आवाज चढवला, रडलेसुद्धा. ते उठले, आरशासमोर गेले, गळ्यात दोन बोटं घालून मला दाखवली. “बघ. दोनच.”

तू हे मुद्दाम केलंस की हाताच्या सवयीने, ते मी विचारत नाही. बापाला ढगळ दिसू द्यायचं नाही, एवढंच तुझ्या मनात असणार. त्या प्रेमाला मी नावं ठेवणार नाही. पण दर खेपेला तू शर्ट लहान करत गेलास आणि आरसा त्यांना सांगत राहिला की सगळं जागच्या जागी आहे. माझी सगळी भाषणं त्या आरशापुढे फुकट गेली. जन्मभर लोकांना सांगत आले की खरं बोललं की माणूस जागा होतो. या घरात ते खोटं ठरतंय आणि मला दुसरं काही येत नाही.

म्हणून हे पत्र. फोनवर बोलले नाही, कारण ते शेजारीच बसलेले असतात. दिवसभर तू माणसांना नीट बसणारे शर्ट शोधून देतोस, तेव्हा मी मागते आहे ते तुझ्या हाताला जड जाईल. तरी ऐक. मी काही बोलणार नाही, फक्त त्यांच्या मागे उभी राहीन. त्यांना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. तुझ्या पहिल्या पार्सलचं माप तुझ्या लक्षात असेलच. या आठवड्यात त्यांना त्या मापाचा एक शर्ट पाठव.

तुझीच,
आई