चेपणीच्या आंब्यांचा ड्रम

लाटंबार्से,
ता. २० ऑगस्ट १९८९

चि. श्रीनाथ यास,

वहिनीचा आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी पोचलं. पोस्टमन नेहमीसारखा पायरीवर बसून पाणी प्याला आणि "गोदयेंतलो श्रीनाथ बाब कसो आसा?" म्हणून विचारत राहिला. बरा आहे म्हटलं.

इकडे भात पोटरीला आलं आहे. काळ्या गाईला पाडी झाली. पावसामुळे खाण बंद, म्हणून तुझ्या दादांचा ट्रकही दारात उभा आहे. ते दिवसभर जनेलाशी बाहेर बघत बसून असतात. राजभाषेच्या वादाच्या वेळी तुम्ही दोघे भाऊ ताटावरून उठून भांडायचात, तू कोकणीचा, ते मराठीचे, आणि मी मध्ये हुमणाचं भांडं धरून उभी. आता ते कुठल्याच भाषेत फारसं बोलत नाहीत. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि उठून गोठ्यात गेले.

आईंचे गुडघे धरतात, बाकी बऱ्या आहेत. गणपतीची चवथ यंदा साधीच करायची ठरली आहे. मूर्तीवरच्या माटोळीला चार फळं बांधायची, बस. त्या पूर्वीसारखीच कटकट करतात, मीही पूर्वीसारखी उलट उत्तरं देते. घर चालायला तेवढं तरी लागतं.

तुझ्या पत्राकडे यायला मी वेळ लावते आहे, हे तुला कळलंच असेल.

तू लिहितोस, चवथीला येतो, आईच्या पायांवर डोकं ठेवतो आणि सगळं सांगून टाकतो. मनावरचं ओझं आता पेलवत नाही. वाचून मला राग आला. खोटं कशाला लिहू? तुझं ओझं उतरेल रे बाबा, पण ते कुणाच्या डोक्यावर ठेवून जाशील?

आईंना अजून काही माहीत नाही. डॉक्टरांनी आम्हां दोघांनाच बाजूला घेऊन सांगितलं होतं. आईंना आम्ही म्हटलं, पोरीच्या काळजात जन्मापासून दोष होता. त्यांना तेही पटलेलं नाही. त्या म्हणतात राखणदार कोपला, आणि अमावास्येला त्याला रोट ठेवतात. ठेवू देत. देवाचा कोप माणसाला सोसतो.

पण 'ड्रम मी आणला' एवढं सांगून तुला थांबता येणार नाही. आई विचारतील, "ड्रमांत कितें आशिल्लें रे?" आणि मग त्यांना आठवेल. चैत्रात तो निळा ड्रम तू आणून ठेवलास तेव्हा त्याच्या तळाला पांढरा थर होता. मी काथ्या आणि राख घेऊन घासायला बसले होते. आईंनी बोटाने चाखून बघितलं, खारट लागलं, आणि माझ्या हातातला काथ्या काढून घेतला. "मीठ कोण धुवन उडयता गो? वयर गेल्यार पापण्यांनी वेंचचें पडटलें." त्या थरावरच त्यांनी कोवळे आंबे रचले, आगराचं मीठ पेरलं, पाणी घातलं, वर दगड ठेवून चेपले. पावसाळ्याची बेगमी. त्यांच्या हातचे चेपणीचे आंबे सगळ्या वाड्याला ठाऊक. जहाजाच्या इंजिनाच्या पाण्यात घालायची पूड मिठासारखी दिसते आणि मिठासारखीच लागते, हे त्यांना कुणी सांगायचं?

आषाढी एकादशीला तो ड्रम पहिल्यांदा उघडला. मोठ्यांचे सगळ्यांचे उपास. नव्या बेगमीतला पहिला आंबा नातीला, हा आईंचा नेम. मनीषाला पेजेबरोबर दिला, वर पळीभर खारही घातला. "आजये, आनीक एक दी गो," म्हणाली. त्यांनी दिला. स्वतःच्या हाताने भरवला. दुपारी पोरीचे ओठ निळे पडले, तर मी तिला रागावले, की न विचारता जांभळं खायला गेलीस. म्हापशाच्या इस्पितळात पोचलो तेव्हा तिला बोलता येत नव्हतं.

पुढचं तुला माहीत आहे.

गेल्या दिवाळीला तू तिला त्या शंकरपाळीच्या आकाराच्या चिठ्ठ्या दाखवल्या होत्यास. जहाजातून निघालेला कचरा गाडीत चढवण्याआधी त्याची जात कशी ठरवायची; पेटणारं वेगळं, कातडी खाणारं वेगळं, विषारी वेगळं, आणि कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही. तिने घरभर तशा चिठ्ठ्या चिकटवल्या. रॉकेलच्या डब्यावर ज्वाळा, आजीच्या पाटावरही ज्वाळा. दादांच्या घोरण्याची जात कोणती, म्हणून तुला विचारलं होतं, आठवतं? त्या चिठ्ठ्या कुणी काढलेल्या नाहीत.

आता रागाचं सांगते, म्हणजे तू आल्यावर ते तोंडावर यायला नको. स्मशानातून आल्यावर गोठ्यामागे तूच रडत सांगितलंस की गोदीत आधी रिकामा ड्रम म्हणजे भंगार, मागेल त्याने न्यावा अशी रीत होती. ज्येष्ठात मुंबईचे साहेब आले आणि त्यांनी शिकवलं की ड्रम रिकामा झाला तरी आत जे होतं त्याचीच जात त्याला राहते. ज्येष्ठात शिकलास, श्रीनाथ. एकादशी आषाढात आली. मध्ये तुझं एक पत्रही आलं. पावसाबद्दल लिहिलंस, खोलीच्या गळतीबद्दल लिहिलंस. ड्रमाबद्दल एक ओळ नाही. तुझ्या ध्यानातच आलं नाही, हे मला ठाऊक आहे. गोदीत दिवसभर ज्याला चिठ्ठ्या लावतो, ते आपल्या कोठीत बसलं असेल असं कुणाच्या मनात येणार? मी रोज स्वतःला हेच समजावते. काही दिवस पटतं. काही दिवस तुझं नाव ऐकवत नाही. आज पटलं आहे, म्हणून लिहायला बसले.

काम असं आहे. ड्रम अजून कोठीतच आहे, अर्ध्याहून जास्त भरलेला. दादा जाळायला निघाले होते, मी आडवी पडले; ही पूड आगीला चेव आणते हे तूच बोलला होतास. ओहोळात ओतलं तर खाली गुरं पाणी पितात. पुरायला जावं तर विहीर जवळ. मी कोठीला कुलूप घातलं आहे आणि किल्ली हरवली म्हणते. पण चवथीला आई दरवर्षी वाड्यात आंबे वाटतात, आणि यंदा तर पोरीच्या नावाने वाटायचे म्हणून हट्ट धरला आहे. बुरशी आली म्हटलं, तर म्हणतात, "वयले काडून उडय, सकयले बरे आसतले." काल त्यांनी कुलूप फोडायला सुताराला निरोप धाडला.

तेव्हा चवथीची वाट बघू नको, लगेच ये. गोदीतली गाडी आण, हातमोजे आण, घट्ट झाकणाचं मोठं पिंप आण. जी जात असेल ती चिठ्ठी लाव आणि अशा वस्तू जिथे नेतात तिथे ने. आईंना सांग, सरकारने हे ड्रम परत मागवलेत. राज्य झाल्यापासून रोज नवीन काहीतरी निघतं असं त्या म्हणतातच. सरकारला शिव्या देतील आणि गप्प होतील.

आणि तू गप्प राहा. त्या तुला जवळ बसवून रडतील. "म्हज्या हातचें खावन गेली रे, पोट भरून गेली," असं म्हणतील. त्यांच्याकडे तेवढंच समाधान उरलं आहे. मी रोज ऐकते. तू एक दिवस ऐक.

नोकरी सोडायचं मनात आणू नको. तुझ्या जागी येणारा पुन्हा ड्रमाला रिकामा म्हणेल, आणि कुणाची तरी वहिनी काथ्या घेऊन बसेल.

आईंचे तुला आशीर्वाद. दादांनी काही सांगायला सांगितलेलं नाही, पण पत्र टाकायला मीच जातो म्हणाले. दरवेळी पत्राच्या तळाशी मनीषाचा काकाला नमस्कार असायचा. मी ओळ लिहायची आणि सही ती करायची. आताही हात तिथे गेला. तेवढा कागद कोरा सोडला आहे.

तुझी,
विमलवहिनी