चुन्याच्या खुणा

२० सप्टें., रविवार
माफी असावी, पोळ्यापासून वहीला हात लावला नाही. कोणाची माफी मागतो कोण जाणे, वही माझीच. पण मालकाची गाडी चालवली तेव्हा रोजचे मैल लिहायची सवय लागली. खाडा पडला की चोरासारखं वाटतं.
पोरगा दिगू घर सोडून गेला त्याला सतरा दिवस झाले. भुसावळला एका गॅरेजात लागला, असं कार्ड आलं. एकच. मी उत्तर दिलं नाही.
बुलढाण्याहून सवारी घेऊन येताना माझ्या स्वतःच्या गाडीचं इंजिन ठोकायला लागलं, तेव्हा मी सवारीदेखत पोराला बोललो. "मागं तूच खोललं होतं न? पिस्टनच्या दांड्या अदलाबदल बसवल्या असशीन. तुले पाना धरता येत नाही." दुसऱ्या दिवशी त्यानं हत्यारांची पेटी खांद्यावर घेतली आणि स्टँडवर. "मंग तुम्हीच बांधा, बाबा."
बांधतो. दिवाळीला येईल तेव्हा गाडी दारात चालू उभी दिसली तर थांबेल. नाहीतर तिकडचाच झाला. दुसरं काही सुचत नाही.

२२ सप्टें.
घरात हत्यार काय, तर एक पक्कड, एक पेचकस, दांडा हललेली हातोडी. बत्तीस वर्षं गाडी चालवली, इंजिन कधी उघडलं नाही. मिस्त्री उघडायचा, मी कंदील धरायचो.
गुलाबरावाकडून यादी करून घेतली. तो विहिरींवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करतो. पाने, गोटी पाने, कानस, खुणा ठोकायला पंच. मला विचारतो, "डायवरबुवा, ह्या वयात काऊन?" सांगितलं नाही.

२४ सप्टें.
खामगाव. दुकानात दोन संच पुढ्यात. एक जुना, इंचाचा, गंजलेला. एक नवा, मिलिमीटरचा, चकचकीत. तासभर उभा. दुकानदार म्हणाला, "बाबाजी, शेर गया, मण गया, अब इंच भी गया. नया ले जाओ." खरंच वाटलं. सरकारनं सगळं बदललं, आपण जुनं घेऊन फसायला नको.
पंच हातात घेऊन परत ठेवला. खुणा करायला घरी चुना आहे.
बसमध्ये पिशवी मांडीवर. सारखं वाटत होतं, काहीतरी चुकलं.

२६ सप्टें.
चुकलं. तेराचा पाना नटावर जात नाही, चौदाचा फिरतो. जोर लावला तर तीन नटांचे कोपरे गोल झाले.
गुलाबराव हसून हसून खाली बसला. "माप सरकारनं बदललं. ह्या विलायती नटाले कोणं सांगतलं?" मग स्वतःचे जुने इंचाचे पाने दिले. बरोबर बसले. त्याच्या विहिरीवरच्या इंजिनाचे आणि माझ्या गाडीचे नट एकाच देशाचे.
नवा संच कोनाड्यात. बघवत नाही.

३ ऑक्टो.
मोटेचा नाडा कडुलिंबावरून टाकला, चार माणसांनी इंजिन उचललं, गोठ्यात पोत्यावर ठेवलं. आठवडाभर खोलतो आहे. काजळी इतकी की लोखंड दिसत नाही.
आज चार दांड्या बाहेर आल्या. दांडीच्या खाली अर्धी कडी असते, तिला टोपी म्हणतात. ज्या दांडीची टोपी त्याच दांडीला, आणि ती दांडी आपल्याच घरात, म्हणजे सिलिंडरात. चुकलं तर इंजिन जाम. मी दांडीवर आणि टोपीवर चुन्याचे ठिपके दिले. एक, दोन, तीन, चार.
गुलाबराव म्हणाला, "चुना? पान खायचं हाय काय? माह्या घरून पंच न्या." उद्या आणतो म्हटलं.
एका दांडीतला मऊ धातू पार जळलेला. तो म्हणाला, "हे तेलाविना झालं. तेल कोण पाहत होतं?"
तेल मी पाहत होतो.

१४ ऑक्टो., खंडेनवमी
लिहायची इच्छा नाही.
दरवर्षी आजच्या दिवशी दिगू हत्यारं धुऊन पुजायचा. सकाळी मीच हिला म्हटलं, दिगू नाही म्हणून पूजा चुकू नये, गोठ्यातलं सगळं स्वच्छ कर. आणि देवळात गेलो.
आलो तर हिनं एकेक भाग आधी घासलेटानं, मग शिकेकाईनं घासलेला. धुवट लुगड्यावर रांगा. चार दांड्या एकीकडे, चार टोप्या एकीकडे. हळदकुंकू, झेंडूची फुलं. "पाहा, माही भांडीबी इतकी निंगत नाहीत."
चुन्याचा एक ठिपका नाही.
खाली बसलो. ही विचारते, "काऊन वो? कुंकू कमी पडलं काय?"
तिला काय बोलायचं. पंच मी परत ठेवला, दुसऱ्याचा आणला नाही, स्वच्छ कर असं मीच सांगितलं.

१६ ऑक्टो.
दोन दिवस टोप्या लावून पाहतो. सगळ्या सगळ्यांना बसतात आणि कोणाचीच खात्री नाही. जेवण जात नाही. भुसावळहून कार्ड नाही.

१९ ऑक्टो.
गुलाबरावानं एक टोपी उन्हात धरली. "ह्या खुणा कोणाच्या?"
कडेला बारीक, छिन्नीनं मारलेल्या. एका टोपीवर एक रेघ, एकीवर दोन, एकीवर फुली, एकीवर चंद्रकोर. दांड्यांवर तशाच. काजळीखाली होत्या, हिनं घासल्या म्हणून वर आल्या.
दिगूच्या. त्यानं मागं खोललं तेव्हाच्या. जोडी चुकू नये म्हणून एकेक ठोकून ठेवली होती पोरानं.
आणि मी सवारीदेखत...
जोड्या क्षणात लागल्या. पण कोणती दांडी कोणत्या घरातली? मी म्हटलं, एक रेघ म्हणजे पहिलं घर असेल. गुलाबराव म्हणाला, "आन् नसन तं? चंद्र पयला का फुली पयली, हे ज्यानं मारलं त्यालेच इचारा."

२० ऑक्टो.
विचारलं. कार्ड टाकलं.

२९ ऑक्टो.
उत्तर नाही. हिनं विचारलं, कार्डात काय लिहिलं. आठवत होतं तसं म्हणून दाखवलं. खुणा कोणत्या घराच्या ते कळवावे. बस.
ही तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "हे पोराले लिवलं का दुकानदाराले?"

५ नोव्हें., पाडवा
तो आला नाही. चार दिवस चिखलीकडून येणारी प्रत्येक बस पाहिली. हिनं त्याच्या वाटणीचे अनारसे डब्यात ठेवले. इंजिन पोत्याखाली, गाडीच्या पोटात पोकळी. कोंबड्या आत शिरतात. आता हे उभं राहील असं वाटत नाही.
उद्या दुसरं कार्ड टाकायचं. आधी इथं लिहून पाहतो, तिथं जागा कमी.

चि. दिगंबरास अनेक आशीर्वाद. तेल मी बघितलं नाही, म्हणून इंजिन ठोकलं. तुझ्या दांड्या बरोबर होत्या. तुझ्या खुणा सापडल्या. सवारीदेखत बोललो ते

खोडलं. पुन्हा.

चि. दिगू, पाना मलाच धरता येत नाही. एक रेघ, दोन रेघा, फुली, चंद्र. कोण कोणत्या घरातलं, तेवढे चार आकडे लिही. यायला जमत नसेल तर नको येऊ. पण चार आकडे लवकर पाठव. तुझ्या हातचे.