गळ्यातल्या नळीचं जेवण

३ फेब्रुवारी, सोमवार. सेलम

सतरा दिवस झाले, आबाच्या तोंडात अन्नाचा कण न्हाई. आणि दादा म्हणतो, "जेवत्यात की. गळ्यातल्या नळीतनं."

सांगलीच्या दवाखान्यातनं व्हिडिओ कॉलवर पिशवी दाखवली. दुधासारखी पांढरी, वर काळं फडकं – उजेड लागला तर नासतं म्हणे. तिची नळी आबाच्या मानेत गेलीय. मी इचारलं, ह्यात हाय काय? "साखर, प्रोटीन, तेल, मीठ, सगळं." तेल! माणसाच्या रगतात तेल सोडत्यात आणि माझा थोरला भाऊ मान डोलवतो!

सकाळी न्याहारीला तीन भाकरी मोडणारा माझा बाप. पाठीवर पंप घेऊन दिवसभर डाळिंबाला औषध मारायचा. आता हात बघवत न्हाईत. मनगटाची हाडं तेवढी दिसत्यात.

४ फेब्रुवारी

दादाला म्हणलो, मला धड सांग. आठवीत शाळा सोडली म्हंजे डोकं सोडलं न्हाई.

त्यानं सांगितलं ते असं. आतड्याला पीळ पडलेला. कुजलेला तुकडा काढून दोन टोकं शिवली. सहाव्या दिवशी शिवण उसवली. आता पोटावर भोक पडलंय, त्यातनं आतड्यातलं पाणी येतंय. तिथं एक पिशवी चिकटवलीय, रोज मोजत्यात. तोंडानं काय दिलं तर ते त्याच भोकातनं बाहेर येणार. आतड्याला इसावा मिळाला तर भोक आपसूक बुजंल. तवर शिरेतनं जेवण.

"आज चारशे मिली आलं," म्हणला. "परवा सातशे होतं."

आपसूक बुजंल म्हणे! मग डॉक्टर कशाला पायजे?

६ फेब्रुवारी

शेठला सुट्टी मागितली. हंबीरराव शेठ विट्याकडचाच, गलाईच्या, म्हंजे सोनं गाळायच्या धंद्यात तीस वर्सं. म्हणला, "आठ दिवस कळ काढ. भट्टीवर दुसरा माणूस येऊ दे."

मी म्हणलो, "तवर आबा उपाशी मरंल."

"सोन्याची मूस भट्टीत असताना दर घडीला झाकण काढून बघतोस का रं?"

"माझा आबा म्हंजे सोनं न्हवं, शेठ."

"मग काय पितळ हाय व्हय?"

सगळी गडी हसली. मी तेजाबाचा कॅन असा आदळला की शेठच दोन पावलं मागं सरला.

७ फेब्रुवारी

आज आबा स्वतः बोलला. आवाज लय बारीक. "जया, कुठनं तरी भाकरीचा वास येतोय रं." शेजारच्या खाटेवाल्यानं डबा उघडला असणार. मी काय बोलणार तवर दादानं फोन ओढून घेतला.

आबापुढं नको म्हणून आई जिन्यात बसून खाती, असंही कळलं.

दादाला वाट्टेल ते बोललो. तू बाप मारायला बसलायस म्हणलो. तो वरडला न्हाई, ह्याचाच लय राग आला. एवढंच म्हणला, "तू लांब हायस, जया. लांबनं सगळ्यांनाच सगळं कळतं." आणि वर, "आज एकशे ऐंशी आलं."

पाणी मोजतोय! बापाच्या बरगड्या मोज की.

८ फेब्रुवारी

जेवलो न्हाई. मेसवाल्यानं इचारलं, उपास हाय काय? त्यालाबी दोन शिव्या.

९ फेब्रुवारी, रविवार

दादा बाग बघायला आटपाडीला गेलाय. दवाखान्यात आई एकटी. हीच वेळ.

म्हणलो, "आई, तिथल्या मावशीच्या घरी हुलग्याच्या पिठाचं माडगं कर. पेजेगत पातळ कर. चार चमचे दे, दादाला सांगू नको."

आमच्याकडं तापातनं उठलेल्याला माडगं, बाळंतिणीला माडगं, थकल्या बैलालाबी हुलगंच. सात पिढ्या त्याच्यावर उभ्या राहिल्या. आणि हे सांगलीचे डॉक्टर काळ्या फडक्यातलं दूध पाजत्यात!

आई म्हणली, "खाटंला पाटी लावलीया रं. तोंडानं काही देऊ नये."

"पाटी त्यांची. माणूस आपला."

मग म्हणली, "आज नव्वदवर आलंय. डॉक्टर हसून गेलं."

"हसत्यातच ते. तू दे."

"तू म्हणतोस तर बघते."

फोन ठेवला आणि तीन दिवसांत पयल्यांदा पोटभर जेवलो.

११ फेब्रुवारी

आईचा फोन. पोटावरच्या पिशवीत तपकिरी पाणी आलं. हुलग्याचं. शिफा सिस्टरनं बघताक्षणी ओळखलं – ती मिरजेची, तिच्या घरीबी माडगं करत असतील. नव्वदचं साडेपाचशे झालं. ताप चढला.

डॉक्टर म्हणाले, सगळं पुन्हा पयल्यापासनं. आणखी महिना शिरेतनं जेवण, आणि भोक बुजलं न्हाई तर परत पोट उघडायचं. एवढ्या अशक्त अंगाला ते सोसंल का, हे काय बोलले न्हाईत.

आणि दादा? आटपाडीसनं आला, आईचं तोंड बघितलं आणि डॉक्टरांना म्हणला, "मीच दिलं. चूक झाली." अख्ख्या वॉर्डासमोर झापून घेतलं. सिस्टरला म्हाईत होतं की तो काल तिथं नव्हताच. तीबी गप.

कुणी सांगितलं होतं तुला? कुणी मागितला होता तुझा मोठेपणा? मी फोन करून तेच बोललो. तो म्हणला, "आईवर नको यायला. आन तुझ्यावरबी."

भिंतीवर बुक्की मारली. हात सुजलाय, लिहायला येत न्हाई.

१२ फेब्रुवारी

शेठनं न मागता सुट्टी दिली. तिकीटबी त्यानंच काढलं. आज पितळ-बितळ काय म्हणला न्हाई. त्याच्याशी भांडायची सोयबी उरली न्हाई.

१४ फेब्रुवारी. सांगली

आबा झोपलेला. काळ्या फडक्याखाली थेंब थेंब चाललंय. दादा खाली औषधं आणायला गेलेला. आईनं मला जिन्यात बसवून डबा उघडला आणि मग बोलली.

"ह्यांनी तोंड मिटून घेतलेलं, जया. म्हणले, मंगल, नव्वदवर आलंय, आता नको घालवू. मी म्हणलं, धाकट्यानं सांगितलंय. मग माझ्याकडं बघितलं, आन तोंड उघडलं."

चार चमचे सांगितलेले. आबा चारी प्याला.